मानपत्र कशाचे? रॅसमुसेन अहवाल आणि १९८५चा फर्मी पुरस्कार

अमेरिकी सरकारचा १९८५ सालचा एन्रिको फर्मी पुरस्कार दोघांना मिळाला. एक होते मार्शल रोझेनब्लूथ. प्लाझ्मा भौतिकीतले हे फार मोठे नाव, त्यामुळे त्यांच्या निवडीवर कुणी भुवया उंचावण्याचे कारण नव्हते. दुसरे नॉर्मन रॅसमुसेन, एमआयटीतले अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक. अणुभट्टीतल्या अपघातांची शक्यता मोजणारा ‘वॉश-१४००’ हा अहवाल त्यांच्या नेतृत्वाखाली झाला, म्हणून तो रॅसमुसेन अहवाल. त्यांचा सन्मान ज्या कामासाठी झाला, त्याच कामाच्या सारांशाला दिलेला पाठिंबा अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सहा वर्षांपूर्वी, जानेवारी १९७९मध्ये, जाहीरपणे काढून घेतला होता. दरम्यान अहवालातले एक अक्षरही बदलले नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुभट्टीचा जवळपास निम्मा गाभा, म्हणजे इंधन असलेला भाग, मात्र वितळून गेला होता.

सुरक्षेच्या क्षेत्रात तांत्रिक कामगिरीचा गौरव करायचा तर मोजायचे काय, हा प्रश्न या प्रकरणात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो. न झालेला अपघात कुणाच्या नावावर मांडता येत नाही, आणि झालेल्या अपघाताचा सत्कार कोण करणार? म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

अहवाल मागवला कशासाठी

१९५७मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ‘वॉश-७४०’ नावाचा एक अंदाज प्रसिद्ध केला होता. मोठ्या अणुभट्टीत सर्वांत वाईट अपघात झाला तर ३,४०० मृत्यू, ४३,००० जखमी आणि ७ अब्ज डॉलरचे नुकसान, असे त्यातले आकडे. असा अपघात होण्याची शक्यता किती, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते. तज्ज्ञांना विचारले, तेव्हा त्यांनी आपापले तर्क सांगितले, इतकेच. पुढे १९६४-६५मध्ये हा अंदाज नव्याने करायला घेतला. तोवर अणुभट्ट्या मोठ्या झाल्या होत्या आणि आकडेही त्या मानाने फुगले. ते काम त्या वेळी प्रसिद्धच झाले नाही.

त्याच वर्षी, १९५७मध्ये, प्राइस-अँडरसन कायदा आला होता. अणुअपघातातील नुकसानभरपाईची जबाबदारी त्याने एका मर्यादेत बांधून दिली. सत्तरच्या दशकात या कायद्याला मुदतवाढ द्यायची वेळ आली, तेव्हा सिनेटर जॉन पास्टोर यांच्यासारख्या काँग्रेसमधल्या मंडळींना धोक्याचा काहीतरी वस्तुनिष्ठ अंदाज हवा होता. १९७२मध्ये काम सुरू झाले. अशा मुहूर्तावर जन्मलेल्या अहवालाकडे टीकाकार संशयानेच पाहणार होते. शिवाय तो मागवणारा आयोग अणुऊर्जेचा प्रचारही करत होता आणि नियमनही.

रॅसमुसेन यांची निवड थोडी अनपेक्षितच म्हणायला हवी. त्यांचे नाव झाले होते ते गॅमा किरणांच्या वर्णपटमापनात. अणुभट्टीच्या सुरक्षेचे ते पारंपरिक अर्थाने तज्ज्ञ नव्हते. आयोगाच्या बाजूने सॉल लेव्हाइन कर्मचारी-संचालक होते. सुमारे साठ जणांनी तीन वर्षे काम केले आणि खर्च आला ४० लाख डॉलरच्या आसपास. मसुदा ऑगस्ट १९७४मध्ये आला, अंतिम अहवाल ऑक्टोबर १९७५मध्ये. तोवर जुना आयोग मोडून त्यातून स्वतंत्र अणुनियामक आयोग निघाला होता, आणि ‘वॉश-१४००’ हे बाळ त्याच्या पदरात पडले.

आतले काम

तोपर्यंत अणुभट्टीच्या सुरक्षेचा विचार एका ठरावीक अपघाताभोवती फिरत असे. गाभा थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे शीतकाची, सर्वांत जाड नळी एकदम आरपार तुटली तर काय, हा तो अपघात. तेवढा निभावला की बाकीचे आपोआप निभावले, असे गृहीतक. आणीबाणीच्या शीतन यंत्रणेवर १९७२-७३मध्ये ज्या लांबलचक सुनावण्या झाल्या, त्याही याच नळीभोवती घुटमळत होत्या.

रॅसमुसेन गटाने दोन प्रत्यक्ष केंद्रे घेतली, व्हर्जिनियातील सरी आणि पेनसिल्व्हेनियातील पीच बॉटम. पहिल्यात दाबाखालच्या पाण्याची अणुभट्टी, दुसऱ्यात उकळत्या पाण्याची. मग सुरुवातीच्या बिघाडांची यादी केली आणि प्रत्येकापुढे एकेक प्रश्न ठेवला. वीज आहे का? पंप सुरू झाला का? अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त नियंत्रण-वेष्टनातली फवारणी चालली का? ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या फांद्या फुटत जाऊन जो आकार तयार होतो, तो इव्हेंट ट्री. फांदीवरचा प्रत्येक ‘नाही’ कशामुळे येऊ शकतो, हे खाली खाली शोधत रिले, फ्यूज, व्हॉल्व्ह, चुकून बंद राहिलेली चावी इथपर्यंत उतरायचे, तो फॉल्ट ट्री. फॉल्ट ट्री ही कल्पना १९६०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामातून आली होती. ब्रिटनमध्ये फ्रँक फार्मर यांनी १९६७मध्येच सांगितले होते की अपघात किती मोठा आणि किती संभाव्य, या दोन्ही गोष्टी एकाच आलेखावर मांडायला हव्यात. अख्ख्या वीजकेंद्राला ही सगळी हत्यारे एकत्र लावण्याचे काम मात्र आधी कुणी केले नव्हते.

निष्कर्षांतली दोन वाक्ये महत्त्वाची. गाभा वितळण्याची शक्यता दर अणुभट्टीमागे साधारण २०,००० वर्षांतून एकदा. आणि या शक्यतेत मोठ्या नळीचा वाटा थोडा. खरा वाटा लहान गळतीचा, साध्या वाटणाऱ्या बिघाडांचा, देखभालीतल्या चुकांचा आणि चालकाच्या हातून होणाऱ्या गफलतींचा.

पहिले वाक्य नीट वाचले तर त्यात दिलासा कमी आहे. १०० अणुभट्ट्यांच्या देशात २०० वर्षांतून एकदा गाभा वितळणार, असा त्याचा अर्थ. त्या काळच्या अधिकृत समजुतीपेक्षा हा धोका कितीतरी जास्त होता. गाभा वितळला तरी बहुतेक वेळा बाहेर मोठा अनर्थ होणार नाही, असेही अहवाल म्हणत होता. पण ‘होऊच शकत नाही’ ही भाषा त्याने मोडीत काढली होती. दुसऱ्या वाक्याने तर गेल्या वीस वर्षांचे लक्ष चुकीच्या जागी होते, असेच सुचवले होते.

सारांशाने केलेला घात

जाडजूड परिशिष्टांसह आलेला हा अहवाल फार थोड्यांनी वाचला. पत्रकारांनी आणि खासदारांनी वाचला तो वेगळा छापलेला कार्यकारी सारांश. त्यात दिलाशाची तक्ते-आलेखांसह मांडणी होती. मोटार अपघातात मरण्याची व्यक्तिगत शक्यता वर्षाला ४,०००त एक, १०० अणुभट्ट्यांमुळे मरण्याची ५ अब्जांत एक. हजार माणसे एकदम दगावतील असा अणुअपघात आणि उल्कापाताने तेवढीच माणसे मरणे, दोन्ही सारखेच दुर्मीळ.

या तुलनांत फक्त तातडीचे मृत्यू धरले होते. वर्षानुवर्षांनी होणारे कर्करोग अहवालाच्या पोटात होते, सारांशाच्या त्या तक्त्यात नव्हते. अनिश्चिततेचे पट्टेही तिथे बारीक झाले होते. माझ्या मते ही चूक गणिताची नव्हती, विक्रीची होती. ज्यांना प्राइस-अँडरसनच्या चर्चेत एक छान वाक्य हवे होते त्यांना ते मिळाले, आणि त्याची किंमत संपूर्ण पद्धतीला मोजावी लागली.

टीका लगेच सुरू झाली. युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स ही संघटना आणि तिच्यातले हेन्री केंडॉल आघाडीवर होते. मसुदा आणि अंतिम अहवाल यांच्या दरम्यान, २२ मार्च १९७५ रोजी, अलाबामातील ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार हवेची गळती तपासायला मेणबत्ती घेऊन गेला आणि सुमारे १,६०० केबल जळाल्या. एकाच ज्वाळेने एकमेकांपासून स्वतंत्र मानलेल्या यंत्रणा कशा एकदम बसतात, ते तिथे दिसले. स्वतंत्र बिघाडांच्या शक्यता एकमेकींना गुणत जाणाऱ्या पद्धतीला यापेक्षा गैरसोयीची घटना सुचवणे कठीण. अंतिम अहवालात आगीची दखल घेतली गेली, पण ती वरवरची होती.

लुईस समिती

काँग्रेसमन मॉरिस युडाल यांच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि १९७७मध्ये आयोगाने हॅरल्ड लुईस यांच्या अध्यक्षतेखाली फेरतपासणी गट नेमला. लुईस हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९७८मध्ये आला. तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो.

गटाने सांगितले की वॉश-१४००मधली अनिश्चितता फार कमी दाखवली आहे. आकडे प्रत्यक्षापेक्षा जास्त आहेत की कमी, हेही ठरवता येत नाही. सारांश हा अहवालाचे खरे चित्र देत नाही. आणि याच दमात त्यांनी हेही सांगितले की पद्धत योग्य आहे, नियामकाने ती आणखी वापरायला हवी. लहान गळती, बिघाड आणि मानवी चुका यांच्याकडे लक्ष वळवण्यासाठी तर नक्कीच.

आयोगाने जानेवारी १९७९च्या निवेदनात सारांशाचा पाठिंबा काढून घेतला. दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे पद्धत वापरा या शिफारशीचा, आवाज त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेला नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली ती ‘रॅसमुसेन अहवाल नाकारला’ एवढीच.

२८ मार्च १९७९

निवेदनाला दहा आठवडे झाले आणि थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत पहाटे चार वाजता मुख्य जलपुरवठ्याचे पंप बंद पडले. पर्यायी पंप सुरू झाले, पण त्यांच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहून गेले होते. ते आठव्या मिनिटाला उघडले. प्रेशरायझर म्हणजे शीतकाचा दाब राखणारी टाकी. तिच्यावरचा, दाब वाढला की तो कमी करणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, कारण व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असा हुकूम गेला की तो विझत असे. व्हॉल्व्ह खरोखर मिटला की नाही, हे त्याला कळत नव्हते. प्रेशरायझरमधली पातळी वर दिसत होती, म्हणजे पाणी भरपूर आहे असे समजून चालकांनी आणीबाणीचे पाणी कमी केले. दोन तास बावीस मिनिटे शीतक वाहत राहिले.

लहान गळती, साधा बिघाड, देखभालीतली चूक, चालकाचा गैरसमज. वॉश-१४००च्या दुसऱ्या निष्कर्षातले एकेक पद. तरीही अहवालाने या अपघाताचे भाकीत केले होते, असे म्हणणे चूक ठरेल, आणि नंतर अनेकांनी ते उत्साहाने म्हटले. सरीची अणुभट्टी वेस्टिंगहाउसची, इथली बॅबकॉक अँड विल्कॉक्सची. तिच्या बाष्पजनित्रांत पाणी कमी, त्यामुळे ती फार लवकर कोरडी पडत. ती त्या अभ्यासात नव्हतीच. अहवालाने जे सांगितले होते ते अपघाताच्या जातीबद्दल.

नोंद म्हणून सांगतो, रॅसमुसेन यांचा जन्म १९२७मध्ये हॅरिसबर्गला झाला होता, थ्री माइल आयलंडपासून सोळा-सतरा किलोमीटरवर.

ज्यांना पदक नव्हते

पुरस्काराचा विचार करताना आणखी काही नावे समोर ठेवली पाहिजेत. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात जवळजवळ हाच प्रसंग घडला होता. तोच व्हॉल्व्ह अडकला आणि चालकांनी पाणीही तसेच बंद केले. पण अणुभट्टी ९ टक्के शक्तीवर होती आणि व्हॉल्व्ह लवकर लक्षात आला, म्हणून निभावले. बॅबकॉक अँड विल्कॉक्समधले अभियंते जोसेफ केली यांनी नोव्हेंबर १९७७मध्ये, आणि बर्ट डन यांनी फेब्रुवारी १९७८मध्ये, चालकांना नव्या सूचना द्या असे लेखी कळवले. पूर्ण शक्तीवर हेच झाले असते तर गाभा उघडा पडला असता, असे डन यांनी लिहिले होते. टिपणे कंपनीतल्या एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. टेनेसी व्हॅली प्राधिकरण या सरकारी वीजसंस्थेतले कार्लाइल मिशेलसन यांनी अगदी लहान गळतीचा हिशेब हाताने लिहून काढला होता. तोही योग्य टेबलांवर पोचला, पण कुणी हलले नाही. आयोगाचे निरीक्षक जेम्स क्रेसवेल वरिष्ठांकडे डोके आपटून थकले आणि शेवटी दोन आयुक्तांना थेट जाऊन भेटले. तारीख होती २२ मार्च १९७९. अपघाताला सहा दिवस होते.

या चौघांचे काम रॅसमुसेनांच्या कामाइतके भव्य नव्हते. पण वॉश-१४०० ज्या गोष्टीबद्दल सर्वसाधारण विधान करत होता, ती हे लोक एका विशिष्ट व्हॉल्व्हबद्दल, एका विशिष्ट सूचनापत्रकाबद्दल सांगत होते. त्यांची टिपणे जगासमोर आली ती अपघातानंतर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाच्या चौकशीत, म्हणजे वरातीमागून घोडे. मिशेलसन यांच्या बाबतीत मात्र एक चांगले झाले. अणुनियामक आयोगाने केंद्रांच्या अनुभवांची छाननी करणारे नवे कार्यालय काढले आणि त्याचे प्रमुखपद त्यांना दिले. ज्याने आधी पाहिले त्याच्याच हाती पाहण्याचे काम सोपवणे, हा कुठल्याही पदकापेक्षा शहाणपणाचा सन्मान वाटतो.

१९८५

ऑक्टोबर १९७९च्या केमेनी आयोगाने आणि अणुनियामक आयोगाने करवून घेतलेल्या चौकशीच्या, जानेवारी १९८०च्या रोगोव्हिन अहवालाने संभाव्यतेच्या पद्धतीला पुन्हा मान दिला. झायन आणि इंडियन पॉइंट या दाट वस्तीजवळच्या केंद्रांचे पूर्ण अभ्यास उद्योगानेच करवून घेतले. अमेरिकन न्यूक्लिअर सोसायटीने अणुभट्टी सुरक्षेसाठीचा टॉमी थॉम्पसन पुरस्कार रॅसमुसेन यांना दिला. थॉम्पसन हेही एमआयटीचेच, १९७०मध्ये विमान अपघातात गेलेले आयुक्त. हा समव्यावसायिकांचा सन्मान. फर्मी पुरस्कार सरकारचा, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा, आणि म्हणून त्याचा अर्थ वेगळा. फर्मी पुरस्काराला अशी परतफेड नवी नव्हती. १९५४मध्ये ज्यांची सुरक्षा-परवानगी काढून घेतली, त्या ओपनहायमर यांना १९६३मध्ये हाच पुरस्कार दिला गेला होता.

रॅसमुसेन यांचा गौरव झाला तो संभाव्यताधारित धोका-मूल्यमापनाची तंत्रे विकसित केल्याबद्दल. ‘२०,००० वर्षांतून एकदा’ या आकड्याबद्दल नाही. हा नेमकेपणा मला फार योग्य वाटतो. आकडा चुकलेला निघाला असता तरी मानपत्र मागे घ्यावे लागले नसते. लुईस गटाने जो भेद केला होता तोच इथे सन्मानाच्या भाषेत उतरला. सुरक्षेच्या पुरस्कारांतली नेहमीची पद्धत याच्या उलट असते: गेल्या वर्षी अपघात किती झाले, किती तास वाया गेले, त्यावरून ढाल. अशा ढालीत कुशलता किती आणि नशीब किती, ते सांगता येत नाही. किरकोळ इजा लपवण्याची सवय लागते ती वेगळीच. डेव्हिस-बेसीत कुणाला ओरखडाही आला नव्हता. त्या वर्षीच्या अपघात-तक्त्यात त्या प्रसंगाला जागाच नसणार.

दोन बाबतींत मात्र हा पुरस्कार उणा वाटतो. साठ जणांच्या कामावर एकच नाव लागले. लेव्हाइन यांच्यासारख्या माणसाशिवाय हा अहवाल पुरा झाला असता, असे वाटत नाही. दुसरे, पुरस्कार आला तो अपघातानंतर सहा वर्षांनी, कॅमेरा त्या अणुभट्टीच्या तळाशी उतरवून वितळून थिजलेला ढिगारा पाहिला गेला त्याच वर्षी. १९७६ किंवा १९७८मध्ये कुठल्या समितीने याच कामाची शिफारस केली असती, तर ती टिकली असती का? मला शंका आहे.

आपल्याकडे

३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजन आणि तेल पेटले, केबल जळत गेल्या आणि काही मिनिटांत पहिल्या संचाची सगळी वीज गेली. ती सुमारे १७ तास नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरला. चालकांनी अणुभट्टी पहिल्या मिनिटाच्या आतच बंद केली होती. पुढे बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढून त्यांनी अणुभट्टी बंदच राहावी म्हणून बोरॉनचे द्रावण सोडण्याचे व्हॉल्व्ह हातांनी उघडले, आणि आग विझवण्याच्या डिझेल पंपांचे पाणी बाष्पजनित्रांकडे वळवले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. पात्यांच्या रचनेतला दोष उत्पादकांना आधीच कळलेला होता, ही गोष्ट डन आणि केली यांच्या टिपणांची आठवण करून देते.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या, उकळत्या पाण्याच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या. पीच बॉटमच्या आधीच्या पिढीतल्या. २०००नंतर त्यांचा जो सर्वंकष आढावा घेतला गेला, त्यात संभाव्यताधारित सुरक्षा मूल्यमापन हा एक भाग होता. २००५-०६च्या सुधारणांत दोन्ही संचांना सामायिक असलेल्या यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या आणि आणीबाणीची डिझेल जनित्रे नवी आली.

खुद्द पीच बॉटमचा हिशेब अमेरिकी आयोगाने १९९०च्या अभ्यासात पुन्हा केला. आतल्या बिघाडांमुळे गाभा बिघडण्याची शक्यता वॉश-१४००च्या आकड्यापेक्षा बरीच कमी निघाली, साधारण दोन लाख वर्षांतून एकदा. आगीमुळे येणारी शक्यता मात्र तिच्या चौपटीहून जास्त निघाली. रॅसमुसेन गटाने सर्वांत वरवर हाताळलेला विषय तोच होता, आणि तो त्यांच्याच पद्धतीने सापडला.